जांभळाच्या फांद्यांवरचं दगडफूल : प्रकल्प नोंदी

२१ एप्रिल २०२४, रविवार, वाई

आईने सकाळी मसाल्याचं दगडफूल निवडायला घेतलं. बाजारातून आणलेलं शंभर ग्रॅम, परातीत पसरलेलं. झाडाची साल, काड्या, खडे बाजूला काढायचं काम माझ्याकडे आलं. हातात एकेक तुकडा येत गेला तशी मी निवडणं विसरून तुकडेच बघत बसले. काहींच्या कडेला रवा सांडल्यासारखी पांढुरकी पूड. काहींच्या कडेला काळे राठ केस. काहींच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढे कोंब. काही तर पानासारखे नव्हतेच, चपट्या नाडीसारखे लांब होते आणि दोन्ही कडांना केस होते.

मी परातीत चार ढीग केले. आई म्हणाली, "अगं, दगडफूल ते दगडफूल. त्यात कसल्या जाती काढतेस?"

वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून अकरा वर्षं झाली. दगडफूल म्हणजे लायकेनच, आणि लायकेन हा धडा मी दर वर्षी दोन तासांत उरकते: बुरशी आणि शैवाल यांचं सहजीवन, तीन प्रकार, प्रदूषणाचे निदर्शक, झालं. परातीतले चार ढीग बघून फार वाईट वाटलं. घरात वर्षानुवर्षं असलेली वस्तू मी एकदाही भिंगाखाली धरली नव्हती.

म्हणून हा प्रकल्प. प्रश्न दोन. डब्यातल्या दगडफुलात कोणकोणत्या जाती आहेत? आणि मामांच्या बांधावरच्या जांभळांवर जे दगडफूल वाढतं, ते यातलंच आहे का? सोबतीला बारावी झालेली माझी एक विद्यार्थिनी. सुटीत रिकामी आहे आणि हात स्थिर आहे.

नियम आजच लिहून ठेवते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र आहे. राखीव जंगलातून एक तुकडाही घ्यायचा नाही. फक्त मामांच्या मालकीचा बांध, आणि तिथेही आधी पडलेल्या फांद्या. हे जीव वर्षाला काही मिलिमीटर वाढतात. तळहाताएवढं दगडफूल म्हणजे कित्येक पावसाळे.

२४ एप्रिल

आधी शब्द ठरवले. पुस्तकातली नावं पाठ करून विद्यार्थिनी गोंधळत होती, म्हणून वहीसाठी आमचे मराठी शब्द घेतले.

सोरेडिया म्हणजे पीठ. शैवालाच्या पेशी आणि त्यांना गुंडाळलेले बुरशीचे धागे, असे सुटे कण. वाऱ्यापाण्याने उडून दुसरीकडे रुजतात. इसिडिया म्हणजे कोंब. यांच्यावर साल असते, मोडून पडतात आणि तेही रुजतात. सिलिया म्हणजे पापण्या. हा शब्द आम्ही बनवला नाही, लॅटिनमध्ये सिलियाचा अर्थच पापणीचे केस. खालच्या बाजूचे राइझाइन म्हणजे मुळ्या, पण त्या अन्न शोषत नाहीत, नुसत्या धरून ठेवतात. वरची साल म्हणजे कॉर्टेक्स, आतला पांढरा कापूस म्हणजे मेड्युला. या दोन शब्दांना मराठी शब्द घेतला नाही.

संस्कृतात याला शैलेय म्हणतात, हिंदीत पत्थरफूल, आपल्या विश्वकोशात लायकेनसाठी शैवाक हा शब्द आहे. मसाल्याच्या पुड्यांवर आणि जुन्या पुस्तकांत पार्मेलिया पर्लाटा असं शास्त्रीय नाव सापडतं. आजचं नाव पार्मोट्रेमा पर्लेटम. नाव बुरशीचं असतं, शैवालाचं नाव वेगळं. आमच्या या गटात ते शैवाल बहुधा ट्रेबॉक्सिया असतं.

१२ मे, रविवार, मामांकडे

पाचगणीच्या पुढे, बाराशे-तेराशे मीटर उंची. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर सावली पडते म्हणून मामांनी गेल्या महिन्यात बांधावरच्या जांभळांच्या फांद्या छाटल्या होत्या. त्या सरपणाला रचून ठेवल्या होत्या. आम्हाला हवं ते सगळं त्या ढिगात होतं.

मामा म्हणाले, "ह्ये व्हय? ह्ये तर झाडाचं शेवाळं. पावसात हिरवं हुतंय, उन्हात पांढरं पडतंय."

मामांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पाण्याचा फवारा मारला आणि तिघांनी मिळून बघितलं. राखाडी तुकडा आधी कडेने काळवंडल्यासारखा झाला, मग अर्ध्या मिनिटात आतून हिरवा उमलत गेला. कोरडी असताना वरची साल अपारदर्शक असते, ओली झाली की पारदर्शक होते आणि खालचं शैवाल दिसतं. कडक, चुरा होणारा तुकडा ओला झाल्यावर कापडासारखा मऊ झाला. काढायचं असेल तर ओलं करूनच काढावं. कोरडं ओढलं तर तुटतं आणि मुळ्या सालीवरच राहतात. मुळ्या नसलेला नमुना अर्धा निकामी.

चौदा पुड्या झाल्या, म-१ ते म-१४. प्रत्येकीवर तारीख, झाड, जमिनीपासूनचा अंदाजे उंचीचा भाग, सावली की ऊन. फांदी छाटलेली असल्याने दिशा सांगता आली नाही, तसं लिहिलं.

म-१२, म-१३, म-१४ यांना कोंब आहेत, पापण्या नाहीत. बाकी अकरांना पीठही आहे आणि पापण्याही.

२ जून

रसायनं आली. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं दहा टक्के द्रावण म्हणजे 'के'. कपड्यांचं ब्लीच म्हणजे 'सी'. दोन्ही लागोपाठ टाकले की 'केसी'. ही युक्ती विल्यम नायलँडर या फिनिश अभ्यासकाने १८६६ मध्ये मांडली. लायकेनमधली बुरशी जी आम्लं बनवते त्यांचा या थेंबांनी रंग बदलतो, आणि दिसायला सारख्या जाती वेगळ्या पडतात. हाच नायलँडर पुढे आयुष्यभर 'लायकेन म्हणजे दोन जीव' हे मानायला तयार नव्हता. थेंबाने इतकं बारीक बघणाऱ्या माणसाला ती एक गोष्ट पटली नाही, याचा मी दिवसभर विचार करत होते.

केची चाचणी: म-१ ते म-११ सगळे पिवळे. स्वच्छ, लख्ख पिवळे. किल्लीत, म्हणजे लक्षणांवरून जात ओळखायच्या पुस्तकात, बघितलं. पीठ आहे, पापण्या आहेत, के पिवळा. पार्मोट्रेमा पर्लेटम. मसाल्यातलंच दगडफूल मामांच्या बांधावर! अकरा पुड्यांवर नाव लिहिलं. आईला लगेच सांगितलं.

९ जून

म-१२ ते म-१४ वर ब्लीच टाकलं. काहीच झालं नाही. कोंब, पापण्या नाहीत, रुंद गोलसर पाळ्या (कडेचे पानासारखे भाग), हे सगळं पार्मोट्रेमा टिंक्टोरमकडे बोट दाखवतं, आणि त्याचा मेड्युला सीने लाल व्हायलाच हवा. लेकानोरिक आम्ल असतं त्यात. टिंक्टोरम म्हणजे रंगाऱ्यांचं. अशाच आम्लांच्या लायकेनपासून पूर्वी युरोपात जांभळा रंग काढत, अमोनियासाठी शिळी लघवी वापरून.

ब्लीचची बाटली धुणं धुवायच्या मोरीतली, झाकण सैल, कधीची ते आईलाही आठवेना. क्लोरिन उडून गेला होता. नवी बाटली आणली. या वेळी तुकड्याची साल ब्लेडने खरवडून आतला पांढरा भाग उघडा केला, कारण किल्लीत 'मेड्युला सी लाल' असं स्पष्ट लिहिलंय. थेंब पडताक्षणी गुलाबी-लाल रंग आला, डोळ्यांदेखत फिकट होत गेला आणि पाव मिनिटात नाहीसा झाला. बघायचं तर थेंब टाकतानाच भिंग डोळ्याला हवं.

तीनही टिंक्टोरम. ठरवलं की यापुढे दर वेळी ब्लीच आधी म-१२ वर तपासायचं, ते लाल झालं तरच बाकीच्यांवर.

२३ जून, रविवार

आजची नोंद सविस्तर लिहिते.

विद्यार्थिनी म-४ ची पुडी उघडत होती. कोरडा तुकडा तिच्या बोटात मोडला. तिला वाईट वाटलं. मी म्हटलं, मोडलाच आहे तर सराव म्हणून त्या मोडलेल्या कडेवर केचा थेंब टाक. तिने टाकला. मी दुसऱ्या पुडीचं लेबल लिहीत होते.

"मॅडम, हा लाल होतोय."

मी न बघताच म्हटलं, पिवळा असेल, उजेडात ये. ती म्हणाली, "पिवळा होता. आता लाल होतोय."

भिंग घेतलं. मोडलेल्या कडेला चार थर दिसतात: वर राखाडी साल, खाली हिरवी रेघ, खाली पांढरा कापूस, आणि तळाशी काळं. थेंब सालीवरही होता आणि कापसावरही. सालीवरचा भाग पिवळा आणि पिवळाच. कापसातला भाग मात्र पिवळ्यावरून नारिंगी, नारिंगीवरून विटकरी, आणि मिनिटभरात रक्तासारखा लाल.

दोन्ही चुका माझ्या. पहिली म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी मी थेंब सालीवर टाकला होता. या गटातल्या जातींच्या सालीत अट्रानोरिन असतं आणि ते केने पिवळं होतं. म्हणजे मी अकराही वेळा तेच एक रसायन तपासलं, जे पर्लेटममध्येही आहे, टिंक्टोरममध्येही आहे आणि त्यांच्या भावंडांतही. दुसरी म्हणजे मी थांबले नाही. पिवळा दिसला, लिहून मोकळी झाले. सॅलाझिनिक आम्ल असेल तर रंग आधी पिवळाच येतो, लाल व्हायला वेळ लागतो. ९ तारखेला सीसाठी साल खरवडली, तेव्हा केचेही थेंब पुन्हा टाकायला हवे होते. ते सुचलं नाही.

अकराही नमुने पुन्हा तपासले. या वेळी साल खरवडून, मेड्युला उघडा करून, प्रत्येकी दोन मिनिटं घड्याळ लावून.

अकराही लाल. पर्लेटम एकही नाही.

पर्लेटमच्या मेड्युलात स्टिक्टिक आम्ल असतं. ते केने पिवळं होतं, नारिंगीकडे झुकतं, लाल होत नाही. मग पीठ, पापण्या आणि सॅलाझिनिक आम्ल असलेलं आमचं हे कोण? भिंगातून पाठ पुन्हा बघितली. खिडकीचा तिरपा उजेड पाळीच्या टोकावर पडू दिला आणि जाळी दिसली. राखाडी पृष्ठभागावर बारीक पांढऱ्या रेघांचं जाळं, जुन्या भागात त्या रेघांवरच साल तडकलेली, उन्हाने तडकलेल्या तळ्याच्या गाळासारखी. त्या रेघांखाली शैवाल नसतं म्हणून त्या पांढऱ्या दिसतात. ही जाळी एप्रिलपासून डोळ्यांसमोर होती आणि मी तिला सुरकुत्या समजत होते.

पार्मोट्रेमा रेटिक्युलेटम. रेटिक्युलम म्हणजे लहानशी जाळी.

विद्यार्थिनीला म्हटलं, वहीत तुझं नाव लिही, हे तुझ्यामुळे सापडलं. तिने फक्त तारीख आणि वेळ लिहिली.

२४ जून

रात्री झोपताना एक लक्षात आलं. कडेचा फरकही आहे, तोही मी बघितला नव्हता. नमुने पालथे केले. रेटिक्युलेटमच्या मुळ्या खालून पार कडेपर्यंत गेलेल्या, काही आखूड, काही लांब. पर्लेटममध्ये कडेजवळ तपकिरी, चकचकीत, मुळ्या नसलेला पट्टा सुटलेला असतो. म्हणजे जाळी, मुळ्या आणि केचा लाल रंग, तिन्ही एकच सांगतात.

आता डब्यातला माल. आईने ढीग तसेच चार वाट्यांत ठेवले होते. साल खरवडून चारही ढिगांतले तुकडे तपासले.

पहिला ढीग, सर्वांत मोठा: पीठ, पापण्या, जाळी नाही, खाली तपकिरी मोकळा पट्टा. के पिवळा, दोन मिनिटांनी गडद पिवळा-नारिंगी, लाल नाही. हे पर्लेटम. पण याच ढिगातले सहा तुकडे लाल झाले आणि त्यांना जाळी होती. म्हणजे एप्रिलमध्ये मी नजरेने केलेला ढीगसुद्धा मिसळलेला.

दुसरा: कोंब, पापण्या नाहीत, सी लाल. टिंक्टोरम.

तिसऱ्या ढिगात मी राठ केसांचे म्हणून टाकलेले तुकडे होते. ते पहिल्याचेच भाऊबंद निघाले, फक्त पीठ झडलेलं. वाहतुकीत, पोत्यात घासून कडा झिजतात.

चौथा, नाडीसारखा: हायपोट्रॅकिना सिऱ्हाटा, ज्याला जुनी पुस्तकं एव्हर्निॲस्ट्रम म्हणतात. हिमालयात भरपूर वाढतं, तिकडून मैदानी बाजारात येतं. उत्तराखंडात अशा लायकेनच्या मालाला झूला म्हणतात. केने लाल.

एका पुडीत निदान चार जाती, आणि त्यांचं रसायनही एक नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग वासात फरक का पडत नाही?" तेलात परतल्यावर पडत नाही, हे तिचं म्हणणं. मी चारही वाट्या वेगवेगळ्या परतून बघायचं ठरवलंय, पण त्यासाठी पुरेसे तुकडे पहिल्याच ढिगाचे आहेत.

२८ जुलै

पाऊस. म-६ आणि म-१० च्या पुड्यांत पांढरी बुरशी धरली. नमुने पूर्ण वाळवायच्या आधी मी प्लॅस्टिकच्या डब्यात घातले होते. कागदी पुड्या, वर्तमानपत्राचे थर, आणि लाकडी पेटीत साठ वॉटचा दिवा. दोन दिवसांत आटोक्यात.

१५ सप्टेंबर

'पी' चाचणी. पॅराफिनिलीनडायअमीन. जपानी अभ्यासक यासुहिको असाहिना यांनी १९३०च्या दशकात रुळवली. हेच रसायन केसांच्या काळ्या कलपात असतं आणि काळ्या मेंदीत घातलं जातं. त्यानेच अनेकांच्या हातांवर फोड येतात. विद्यार्थिनीला हात लावू दिला नाही. हातमोजे, खिडकी उघडी, खाली जुनं वर्तमानपत्र. अल्कोहोलमधलं द्रावण दिवसभरात खराब होतं, म्हणून स्टायनरचं केलं: एक ग्रॅम पी, दहा ग्रॅम सोडियम सल्फाइट, शंभर मिली पाणी, थोडं भांडी घासायचं द्रव. हे आठवडे टिकतं.

निकाल: पर्लेटम नारिंगी, रेटिक्युलेटमही नारिंगी. टिंक्टोरमला काहीच नाही. म्हणजे जिथे आमचा खरा प्रश्न होता तिथे पीचा उपयोग नाही. तरीही करायला हवं होतं. पीठवाल्यांत पार्मोट्रेमा प्रीसोरेडिओसम नावाची जात आहे, आंब्यावर खालच्या गावांतही दिसते. तिला पापण्या नसतात आणि मेड्युला के, सी, पी कशालाच दाद देत नाही, कारण तिच्यात स्निग्ध आम्लं असतात. आमच्या अकरांत ती नाही, हे आता ठामपणे लिहिता येतं.

१९ ऑक्टोबर, पुणे

रंगाच्या थेंबावर विसंबून राहायचं नव्हतं म्हणून मैत्रिणीच्या ओळखीने एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पातळ थर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे अर्कातली रसायनं पट्टीवर वेगळी करणारी चाचणी, करायला मिळाली.

रिक्षा आगरकर रस्त्याने गेली. गोपाळ गणेश आगरकरांचा रस्ता आणि त्यावरच शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाची संस्था. येणाऱ्या पत्रांवर दोन्ही नावं एकमेकांत मिसळलेली असतात. एका 'घ'चा फरक, पण माणसं दोन. आघारकरांनी १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली, तीच ही संस्था. इथल्याच आजरेकर संग्रहात पश्चिम घाटातले हजारो लायकेन जपलेले आहेत. प. गो. पटवर्धन आणि उर्मिला मखीजा यांनी इथे बसून जे काम केलं, त्याच्यामुळे आज माझ्यासारखीला सह्याद्रीतल्या लायकेनवर मराठी मुलखात विचारायला जागा आहे. आणि हातातली किल्ली लखनौच्या धरणीधर अवस्थींची, १९८८ ची. ते नसते तर मी अजून "पांढरं शेवाळ" एवढंच लिहिलं असतं.

काम असं झालं. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, दोन-चार थेंब ॲसिटोन, दहा मिनिटं. केशनळीने तो अर्क सिलिकाच्या पट्टीवर तळापासून दोन सेंटिमीटरवर टिपला. प्रत्येक ठिपका तीनदा, मध्ये वाळू देऊन. एका बाजूला पर्लेटमचा डब्यातला तुकडा, शेजारी म-४, म-९, म-११, मग डब्यातले जाळीवाले दोन, आणि टोकाला माहीत असलेलं अट्रानोरिन व नॉरस्टिक्टिक आम्ल. द्रावण 'ए': टोल्युइन १८०, डायऑक्सेन ६०, ॲसेटिक आम्ल ८. बंद काचेच्या टाकीत पट्टी उभी केली आणि द्रावण चढताना बघत बसले. बोटभर चढायला किती वेळ लागतो! मग वाळवून दहा टक्के सल्फ्युरिक आम्लाचा फवारा आणि ११० अंशांच्या ओव्हनमध्ये.

पट्टी बाहेर आली तेव्हा सगळ्यांच्या वर एकाच उंचीवर एक ठिपका. अट्रानोरिन. हाच तो जूनमधला पिवळा रंग. एका ओळीत सात ठिपके, सगळे सारखे, आणि मी त्यांच्यावरून जात ठरवली होती.

खाली मात्र दोन पायऱ्या. पर्लेटमचा नारिंगी ठिपका वरच्या पायरीवर, तो स्टिक्टिक. म-४, म-९, म-११ आणि डब्यातले जाळीवाले, सगळ्यांचा ठिपका त्याच्या खाली, तळाजवळ. सॅलाझिनिक. नॉरस्टिक्टिकच्या उंचीवर आमच्या नमुन्यांत ठळक काही नाही. केने लाल होणारी आम्लं एकाहून जास्त आहेत, ही शंका तिथे मिटली.

मैत्रिणीने पट्टीचा फोटो काढून दिला, मी पेन्सिलीने ठिपक्यांच्या कडा आखल्या. रंग काही दिवसांत बदलतात.

२७ ऑक्टोबर

म-९ ने झोप उडवलीय.

बाकी दहांमध्ये पीठ पाळीच्या कडेने, कधी टोकाजवळ पाठीवर सांडलेलं. म-९ मध्ये मोठ्या पाळ्यांच्या कडेला बोटासारख्या छोट्या पाळ्या फुटल्यात आणि पीठ त्यांच्या टोकाला गोळा झालंय, फुगीर, गदेसारखं. पालथं केलं तर कडेजवळ हस्तिदंती पांढरे डाग. बाकीच्यांची कडा काळी-तपकिरी.

ही वर्णनं पार्मोट्रेमा क्लॅव्युलिफेरमची आहेत. क्लॅव्हा म्हणजे गदा. जाळी तिलाही असते, पापण्याही, आम्लही सॅलाझिनिकच. पट्टीवर दोघी एकाच पायरीवर. जूनपासून मी थेंबावर आणि पट्टीवर जो भरवसा ठेवायला शिकले, तो इथे पोचतच नाही. इथे पुन्हा डोळा, भिंग आणि कडेचा आकार.

यांची नावंही फिरत आलीत. जुन्या कागदांत पार्मेलिया, १९९० नंतर काही काळ रायमेलिया, आणि २००५ मध्ये डीएनएच्या आधारे पुन्हा पार्मोट्रेमात. काही अभ्यासक या दोघींना एकच मानतात. डीएनएनेच पुढे दाखवलं की रेटिक्युलेटम म्हणून गोळा केलेल्या नमुन्यांत एकाहून अधिक वंशरेषा दडलेल्या आहेत.

विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, मग एकाच झाडावर वेगळी वाढ असं नसेल का? सावलीतलं आणि उन्हातलं?" तिचा प्रश्न चांगला आहे. म-९ च्या पुडीवर मी 'सावली' लिहिलंय. बाकी दहांतल्या सातांवर 'ऊन'.

१ डिसेंबर, रविवार, मामांकडे

त्याच प्रश्नासाठी गेलो. काहीही काढलं नाही. तीन जांभळं, प्रत्येकावर सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू, छातीच्या उंचीवर वहीएवढी चौकट, भिंगाने एकेक पाळी. सावलीत गदा असलेले चार, नसलेले नऊ. उन्हात गदा असलेले तीन, नसलेले बारा. एका ठिकाणी दोन्ही प्रकार शेजारी शेजारी, दोन बोटांच्या अंतरावर, एकाच फांदीवर, सारख्याच उजेडात. एकाची कडा खाली पांढरी, दुसऱ्याची काळी. फांदी न तोडता आरशाचा तुकडा खाली धरून कडा बघितली. ही कल्पना मामांची.

सावलीमुळे असं होतं, हे या तीन झाडांवर तरी टिकत नाही.

मामांनी विचारलं, "मग आता ही झाडं तोडू नको म्हंतेस?" मी म्हटलं, मामा, जांभळं तुमची. पण पुढच्या छाटणीला मला आधी फोन करा, मी येते. ते म्हणाले, "आणि ह्यो बुंध्याकडचा भाग तसाच ठिवतो. तुझं काम हुईस्तोवर."

१५ डिसेंबर

पुड्यांची शेवटची फेरी. म-१२, १३, १४: पार्मोट्रेमा टिंक्टोरम. दहा पुड्या: पार्मोट्रेमा रेटिक्युलेटम. म-९: 'रेटिक्युलेटम गट, क्लॅव्युलिफेरमशी जुळतं, पीठ गदेसारख्या टोकांवर, खालची कडा पांढरी, के पिवळा ते लाल, सॅलाझिनिक, पट्टी १९ ऑक्टोबर'. नाव तिथेच थांबवलं. ज्याला पुढे डीएनए बघता येईल त्याला हे चार तपशील लागतील.

जूनमधली चुकीची लेबलं फाडायचा मोह झाला. पण संग्रहात जुनं लेबल काढत नाहीत. त्याच्याखाली नवी चिठ्ठी लावतात: नवं नाव, तारीख, कोणी ठरवलं. अकरा चिठ्ठ्या कापल्या. दहांवर मी लिहिलं. म-४ वर विद्यार्थिनीने लिहिलं, तारीख २३ जून घातली आणि या वेळी खाली स्वतःचं नावही.